पदवीचे मोल आणि गिरणगाव

गिरणीत बदली कामगार म्हणून लागण्यास पदवी लागत नसे. ओळखीचा जॉबर पुरे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि पुढे ती वाट कायमची बुजली. आज लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत कारकुनालाही बहुधा पदवी विचारली जाते.

पण पदवीने तरी काय साधते? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने २०२४ मध्ये निघालेल्या अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातील तरुण पदवीधरांत बेकारी २९.१ टक्के, तर निरक्षर तरुणांत अवघी ३.४ टक्के होती. यावरून शिक्षण व्यर्थ ठरविणे फसवे आहे. निरक्षराला बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल ते ओझे तो उचलतो.

अनुदानित बी.कॉम.चे शुल्क लालबागच्या चाळीला आजही झेपते. भुर्दंड पडतो तो विनाअनुदानित अभ्यासक्रमांचा आणि त्याहून अधिक बुडालेल्या कमाईचा. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास वर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, हे योग्यच झाले. मात्र तीन वर्षे घरात न आलेल्या पगाराचा हिशेब कोणत्याही शासननिर्णयात नाही. तो घरातल्या थोरल्या भावंडाच्या नावे पडतो.