करवत कोणाच्या हाती?

आमच्या मंडळाच्या सभेला स्पीकर भाड्याने यायचे. माइक आमचा, पण आवाज किती ठेवायचा हे ठरवणार मंडपवाल्याचा पोरगा! बाई चिडून बोलू लागली की हा हमखास आवाज कमी करणार. शेवटी आम्ही तिघींनी स्पीकरची खोकी घरीच बनवायची ठरवली.

१८ एमएमचा प्लाय, करवत, गुण्या, ड्रिल, फेव्हिकॉल, स्क्रू. एवढंच लागलं. पहिलं खोकं फसलं. सांध्यात फट राहिली, आवाज फुसका. मग कळलं, स्पीकरच्या पडद्यामागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाला मारतो. बंद खोकं त्याला अडवतं. फट बुजवली, आवाज भरला. स्टँड पाच फुटी केले, तळ रुंद. पुढच्या बायकांच्या डोक्यांवरून आवाज मागच्यांपर्यंत जायला हवा ना!

माप शिकवणारे सुतारकाका करवत देताना म्हणालेच, "हे बायकांचं काम नव्हे." विळीवर सुरण चिरणाऱ्या हातांना करवत जड होते?

प्रश्न ताकदीचा नाही, मालकीचा आहे. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे, प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पण लाभ कुटुंबातल्या एकालाच. तो 'एक' कोण असणार, हे सांगायला हवं का? घरात पॉलिश पेपर घासणारी बाई 'मदतीला' म्हणूनच राहते.

मैत्रिणींनो, ही अट बदलण्याची मागणी लावून धरू या. आणि तोवर प्रत्येक गटाने एक तरी खोकं स्वतः बनवावं. आपला आवाज कमी करणारं बटण दुसऱ्याच्या हाती का ठेवायचं?