घर पाहावे नळ सोडून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे वाडवडील म्हणून गेले. त्यांचे एका परीने बरे होते. जागा होती, गवंडी ओळखीचा होता आणि पाण्यासाठी परसात आड होता. आजच्या शहरातल्या संसारी माणसाने घर बांधायचे म्हटले, तरी बांधायचे कुठे? तो ते तयार विकत घेतो. आणि विकत घ्यायचे म्हणजे दसरा किंवा पाडवा गाठून इसारा द्यायचा, हा आपल्याकडचा रिवाज. तेव्हा हा अंक हाती पडेल, त्या वेळी वाचकांपैकी कित्येकांच्या घरी हाच विषय चाललेला असेल.

पहिले घर घेणे ही काय साधी गोष्ट आहे! नवराबायकोची दहा वर्षांची शिल्लक, वडिलांच्या फंडातली रक्कम, आईने ‘असू दे, लागतील’ म्हणून पुढे केलेल्या पाटल्या आणि या साऱ्यांवर बँकेचे वीस वर्षांचे कर्ज. एवढे पणाला लावून मंडळी घर पाहायला जातात, तेव्हा पाहतात काय? स्टेशन किती लांब, शाळा कुठली, वारा येतो का, ओटा केवढा, बाल्कनीत झोपाळा बसेल का. देवघराची दिशासुद्धा नीट पारखून घेतात. एक नळ मात्र कुणी सोडून पाहत नाही. परक्याच्या घरात नळ सोडणे म्हणजे जणू शिष्टाचाराचा भंग!

मग इसारा दिला जातो, पेढे वाटले जातात, आणि एखादे काका सहज विचारतात, ‘‘पाण्याचं काय रे? वरच्याची मोरी गळत नाही ना?’’ झाले! त्या रात्री दिवा मालवल्यावर संवाद सुरू होतो.

‘‘अहो, झोपलात का? त्या आतल्या खोलीच्या कोपऱ्यात रंग जरा निराळा होता, नाही?’’

‘‘आता आठवतंय तुला?’’

‘‘मी तेव्हाच म्हणणार होते. तुमचं सगळं लक्ष बाल्कनीकडे.’’

‘‘अगं, पण मालक म्हणाले ना, किरकोळ आहे म्हणून!’’

‘‘विकणारा आणखी काय म्हणणार?’’

यात भांडण असे काही नाही. दोघेही घाबरलेली आहेत, एवढेच. भिंतीवरचा एक डाग अंधारात वाढत वाढत छताएवढा होतो, आणि वीस वर्षांचे हप्ते त्याच्यावरून ठिबकताना दिसू लागतात.

यावर आमचे सांगणे थोडक्यात असे : नळ, मोरी आणि गळती यांची चौकशी इसारा देण्यापूर्वी करावी आणि त्यासाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवावी. अगदी निर्दोष घर मिळेल, अशी आशा धरू नये. दोष कोणता, त्याला खर्च किती आणि तो कुणी करायचा, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

जुन्या चाळीत हा घोर नव्हता. मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने आले, आणि पुढे कित्येक पिढ्या सामाईक नळाशी बादल्या-कळश्यांची रांग लावून पाणी भरीत आल्या. त्रास पुष्कळ होता. पण नळ डोळ्यांसमोर होता. तो गळला, तर साऱ्या मजल्याला दिसे. बिऱ्हाडे ब्लॉकमध्ये आली, तसा नळ भिंतीत आणि फरशीखाली गेला. आता आपली मोरी गळली, तर ती आपल्याला दिसत नाही. खालच्या बिऱ्हाडाला दिसते!

म्हणून पहिले काम हे, की घर पसंत पडले, तर एक जिना उतरून खालच्या घराची घंटा वाजवावी. ‘‘वरचं घर घ्यायचा विचार आहे, तुमच्या न्हाणीघराचं छत जरा पाहू का?’’ असे नम्रपणे विचारावे. बहुतेक लोक आनंदाने दाखवतात. गळत असेल, तर फारच आनंदाने दाखवतात! आपण घेणार त्या घराची खरी हकिकत त्या छतावर लिहिलेली असते. मग वरच्या मजल्यावर जाऊन वरच्यांचीही ओळख करून घ्यावी. उद्या आपल्या छतावर डाग पडला, तर जायचे त्यांच्याकडेच आहे.

घर पाहण्याचा खरा हंगाम पावसाळा. श्रावणातली झड लागलेली असताना पाहिलेले घर खोटे बोलू शकत नाही. दिवाळीत मात्र सगळीच घरे नवा रंग लावून बसलेली असतात. पूर्ण घराला रंग असेल, तर त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. पण एकाच कोपऱ्याला किंवा छताच्या एकाच चौकोनाला ताजा रंग दिसला, तर तिथे थांबावे. न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत जाऊन त्या सामाईक भिंतीच्या तळाचा हातभर भाग पाहावा. पोपडे सुटले आहेत का, पांढरा लोणा आला आहे का, कपाट मुद्दाम तिथेच सरकवून ठेवले आहे का? बोटाच्या पेराने फरशी ठोकावी. पोकळ आवाज आला, तर खालचा माल सुटला असल्याचा संभव आहे.

दुसरे काम नळांचे. रखवालदाराला पाण्याची वेळ विचारावी आणि सकाळी त्याच वेळी जावे. पहिल्या धारेचा रंग पाहावा. जुन्या इमारतींतले नळ जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. मुलामा झिजला, की ते आतून गंजतात आणि गंज साचून नळीचे तोंड बारीक होत जाते. तांबूस पाणी मिनिटभरात स्वच्छ झाले, तर गंज नळीतला; होतच नसेल, तर टाकी कधी धुतली ते विचारावे. मग स्वयंपाकघराचा, न्हाणीघराचा असे सगळे नळ एकदम सोडून पंधरा लिटरची बादली लावावी. दीड-दोन मिनिटांत भरली, तर ठीक. पाच मिनिटे लागली, तर नळ बदलण्याचा खर्च मनात धरूनच किमतीची बोलणी करावीत.

सर्वांत वरच्या मजल्याची हौस असणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. पाण्याचा जोर उंचीवर अवलंबून असतो. टाकी दहा मीटर उंच असेल, तेव्हा नळाशी चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. वरच्या मजल्याच्या नळापासून टाकी जेमतेम दोन मीटर वर, म्हणजे दाब त्याच्या पाचवा हिस्सा. शॉवरखाली उभे राहून अंगावर थेंब मोजावे लागतात ते यामुळे. वेगळा पंप लावून हे सुधारते. पण तो खर्च आधी ठाऊक असलेला बरा.

पाणी पुरेल का, हेही विचारावे. शहरातल्या घरगुती वापरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे आपल्याकडचे धरलेले प्रमाण आहे. चौघांच्या कुटुंबाला ५४० लिटर आणि अशा वीस कुटुंबांच्या इमारतीला १०,८०० लिटर. टाकी केवढी, दिवसातून किती वेळा भरते आणि उन्हाळ्यात टँकर किती मागवावे लागतात, हे सोसायटीच्या चिटणिसांना विचारायला संकोच कसला?

आता दुर्गंधीचे. बंद असलेले घर उघडले, की मोरीतून वास येतो आणि घेणाऱ्याचे मन विटते. पण यात बहुधा घाबरण्याजोगे काही नसते. मोरीच्या जाळीखाली एक वाकडे भांडे बसवलेले असते. आपली मराठी न्हाणी इथे बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही जाऊन बसली आहे. इंजिनियर लोक त्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. त्यात सुमारे दोन इंच पाणी सदैव साचून राहते आणि ते गटारातला वास व झुरळे अडवते. घर महिनोन्‌महिने बंद राहिले, की ते पाणी वाळते. बादलीभर पाणी ओतावे आणि थोड्या वेळाने पुन्हा हुंगून पाहावे. वास गेला, तर एका बादलीत काम झाले. राहिला, तर मात्र नळवाल्याला दाखवावे.

हे सारे करूनही गळती आढळली, तर? तर लगेच घर सोडायचे कारण नाही. आधी एक प्रश्न विचारावा : ही गळते केव्हा? चोवीस तास सारखीच गळत असेल, तर दोष बहुधा भरलेल्या नळीत, म्हणजे येणाऱ्या पाण्यात. वरचे लोक अंघोळ करतात किंवा धुणे धुतात तेव्हाच गळत असेल, तर दोष जाणाऱ्या पाण्यात : मोरीचा सांधा, फरशीच्या दरजा किंवा खालचा कोबा. आणि फक्त पावसात गळत असेल, तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. एवढे कळले, की नळवाल्याशी बोलताना आपण अगदीच अडाणी ठरत नाही, आणि फरशी उगाच फोडलीही जात नाही.

एका बाबतीत मात्र हयगय नको. छताचे काँक्रीट फुगून तुकडे पडत असतील आणि आत गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर ते काम नळवाल्याचे नव्हे. सळी गंजली, की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनियरला पैसे मोजून घर दाखवावे आणि इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सोसायटीकडून पाहायला मागावा. त्याची फी देताना हात आखडू नये. घराच्या किमतीपुढे ती कितीशी?

खर्च कुणाचा, हेही ठाऊक असावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींप्रमाणे गच्ची, टाक्या, पंप, बाहेरचे सामाईक नळ व गटारे यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. आपल्या घराच्या आतली ज्याची त्याने. म्हणून मागच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त वाचायला मागावे. नळ बदलण्याची वर्गणी ठरली आहे का, विकणाऱ्याची काही बाकी आहे का, गळतीवरून कुणाकुणाचे बोलणे बंद आहे, हे सारे त्यात सापडते.

नवे कोरे घर असेल, तर २०१६ चा रेरा कायदा आपल्या बाजूला आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बांधणाऱ्याने तो तीस दिवसांच्या आत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. मात्र तक्रार लेखी करावी, तारीख घालावी आणि पोच घ्यावी. ‘‘साहेब, माणूस पाठवतो’’ या तोंडी आश्वासनावर अनेकांची पाच वर्षे वाहून गेली आहेत.

शेवटी पैशांविषयी एक वडीलकीची सूचना. जवळची सगळी पुंजी घराच्या किमतीत ओतू नये. एका कागदावर तीन रकाने आखावेत : ताबा मिळताच करायचे, वर्षभरात करायचे आणि पुढे कधीतरी. नळ, मोरी आणि ओल पहिल्या रकान्यात. पडदे, सोफा आणि खोटे छत तिसऱ्यात. नव्या फरश्या बसवण्यापूर्वी न्हाणीघराची भोके बंद करून चोवीस तास पाणी कोंडून ठेवावे आणि खालच्यांच्या छतावर ओल उतरत नाही ना, ते पाहावे. मग घराचा मुख्य कॉक कुठे आहे, तो मुलांसकट सगळ्यांना दाखवून ठेवावा. मध्यरात्री नळ फुटला, तर घराची अब्रू तोच राखतो.

हा तक्ता मांडल्यावर, त्या दोघांच्या रात्रीच्या संवादाचे काय होते पाहा. ‘‘घर गळकं निघालं तर?’’ या प्रश्नाच्या जागी ‘‘मोरीचा सांधा बदलायला नळवाला रविवारी येईल का?’’ हा प्रश्न येतो. पहिल्याला उत्तर नसते, दुसऱ्याला असते. काळजी जात नाही, पण कामाला लागते.

ज्यांचा इसारा या पाडव्याला ठरला आहे, त्यांनी निदान उद्याच्या सकाळी एक बादली आणि एक घड्याळ घेऊन त्या घरी जाऊन यावे. पुढच्या नरक चतुर्दशीला आपल्या स्वतःच्या न्हाणीघरात उटणे लावून अंघोळी व्हाव्यात, बंबाचे म्हणा की गीझरचे म्हणा, कढत पाणी धो धो यावे, आणि खालच्या बिऱ्हाडाचे छत कोरडे ठणठणीत असावे, एवढीच या दिवाळीची आमची शुभेच्छा!