अमेरिकेचे शिक्षण आणि आपला सातबारा



गटागटांतून फिरताना हल्ली ऊसबिलाबरोबर एक प्रश्न हमखास येतो: ‘साहेब, पोराला अमेरिकेला धाडायचाय, रान तारण ठेवू का?’

२०२३-२४ साली तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारताचा पहिला नंबर लागला. आपली ३ लाख ३१ हजारांवर मुले तिथे होती. पण २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी-व्हिसाच्या मुलाखतींना नव्या तारखा देणेच सुमारे तीन आठवडे बंद पडले. व्याज काही असे थांबत नसते!

आम्ही या शिक्षणाच्या विरोधात मुळीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. परत आल्यावर १९१८ साली त्यांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. नुसता तुकडा लहान हा रोग नव्हे. भांडवल-अवजारे अपुरी आणि जमिनीवर माणसांचा भार फार, हे त्यांनी दाखवले. पुढे आपल्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षे संप केला. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी राहिले आणि १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई कायदेमंडळात मांडले. अमेरिकेतली विद्या अशी कुळाच्या बांधावर आली.

तेव्हा मुलगा असो वा मुलगी, हुशार असेल तर जरूर पाठवा. पण एजंटाआधी शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीची चौकशी करा. विषय, खर्च, परतफेड कागदावर मांडा. सातबारा मात्र सगळ्यात शेवटी काढा.