तलवारीची गोष्ट आणि साऱ्याची वही

इस्लाम निव्वळ तलवारीच्या धारेवर पसरला, हें वाक्य आमच्या बहुजनसमाजाच्या पोरांकडून घोकून घेण्यांत येतें. घोकून घेणारे कोण आणि त्यांत त्यांचा लाभ काय, हें विचारण्याची मात्र मुभा नाहीं! आम्ही आज तेंच विचारणार आहों.

तलवार नव्हती असें आम्ही म्हणत नाहीं. महंमद पैगंबर इ. स. ६३२ सालीं वारले. पुढील वीस वर्षांच्या आंत अरबांनीं शाम व मिसर हे देश घेतले आणि ६५१ सालीं इराणच्या सासानी घराण्याचा शेवट झाला. हीं राज्यें तलवारीनेंच घेतलीं. परंतु राज्य घेणें निराळें, धर्म देणें निराळें. याचा पुरावा साऱ्याच्या वहींतच आहे. जिंकलेल्या प्रजेकडून जिझिया मिळे. ती मुसलमान झाली कीं तो बुडण्याची धास्ती. म्हणून इराकचा सुभेदार हज्जाज यानें इस्लाम घेऊन शहरांत आलेल्या शेतकऱ्यांस हुसकून गांवीं धाडलें आणि पूर्वीचाच कर वसूल केला. तलवारीनें धर्म लादणारा मुसलमान झालेल्यांसच हांकून लावतो काय?

मग लोक त्या धर्माकडे वळले कां? बिलाल हा हबशी गुलाम. मक्केच्या धन्यानें त्याला तापल्या वाळूवर निजवून छळलें. अबू बकर यांनीं त्याला विकत घेऊन मोकळें केलें आणि बांग देण्याचा पहिला मान पैगंबरांनीं त्यालाच दिला. अरबी भाषेचें थोर व्याकरण लिहिणारा सीबवैह इराणी होता. त्याच्या कानांत शिसें ओतण्याची भाषा कोणीं काढली नाहीं! जोतीराव फुल्यांनीं ‘मानव महंमद’ हें कवन लिहिलें तें उगाच नव्हे.

परंतु आम्ही कोणाचे भाट नव्हों. समता सांगणाऱ्या त्या धर्मांतही कुळाची घमेंड शिरली. उमय्या घराण्याच्या राज्यांत अरबेतर मुसलमानांस ‘मवाली’ म्हणत. हा शब्द मराठींत कोणत्या अर्थानें चालतो तें सांगावयास नकोच. त्यांनीं एखाद्या अरब टोळीचें आश्रित व्हावें, लढाईंत पुढें असावें आणि पगाराला मागें! उमर बिन अब्दुल अझीझ (७१७–७२०) या एका खलिफानें नवमुसलमानांचा जिझिया बंद केला; त्याच्या मागें पुन्हां रडगाणें तेंच. अखेर ७४७ सालीं खोरासानांत अबू मुस्लिम यानें काळें निशाण उभारलें, मवाली व नाराज अरब एकत्र केले, आणि ७५० सालीं उमय्यांचें तख्त उलथलें. गादीवर बसले अब्बासी. पांचच वर्षांनीं त्यांच्या मन्सूर खलिफानें अबू मुस्लिमाला भेटीस बोलावून ठार केलें! पुढें ८६९ सालीं बसऱ्याजवळ खारवट जमीन साफ करणाऱ्या काळ्या गुलामांना बंड करावें लागलें. तें ८८३ पर्यंत चाललें. बिलालच्या बांगेचा वारसा सांगणाऱ्यांनींच बिलालचे भाऊबंद राबवले.

बंधूंनो, यांतून घ्यावयाचें तें एवढेंच. ग्रंथांतील समतेवर भुलूं नका; साऱ्याची वही आणि पगाराचा पट पाहा. ज्यांच्या बळावर तख्त उलथतें त्यांच्या हातीं नंतर काय पडतें, तें पाहा. आणि परक्याची तलवार दाखवून घरची उतरंड झांकणाऱ्यांस एकच प्रश्न विचारा: तुमच्या गाभाऱ्यांत पूजेचा मान आमच्यांतील किती बिलालांना दिलात?