विश्लेषण : इंग्लंडच्या जुन्या बाजारगावात घर घेताय? किमतीच्या पाटीवर नसलेली देणी आधी वाचा

दगडी घरे, चर्चचा उंच मनोरा, आठवड्याचा बाजार आणि तासा-दीड तासावर लंडन. आठवड्यातून दोन-तीन दिवसच कार्यालयात जावे लागणाऱ्यांना अशा गावात घर घ्यावेसे वाटणे साहजिक आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक होऊ पाहणारी मराठी कुटुंबेही याला अपवाद नाहीत. पण अशा घराची जाहिरातीतली किंमत हा खर्चाचा केवळ पहिला आकडा असतो. आधीच्या मालकाची चूक, शेजारचे चर्च आणि पुण्यातला आपलाच फ्लॅट अशी तीन देणी त्यात दडलेली असू शकतात. ती कोणती, ते पाहू.

‘मार्केट टाउन’ म्हणजे काय?

मध्ययुगात बाजार भरवण्याचा अधिकार राजाकडून मिळालेले गाव म्हणजे मार्केट टाउन. लिंकनशायरमधील स्टॅमफर्ड हे त्याचे ठळक उदाहरण. वेलंड नदीकाठचे हे गाव लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या राजरस्त्यावर वसले. एकोणिसाव्या शतकात मुख्य लोहमार्ग मात्र जवळच्या पीटरबरोवरून गेला. कारखानदारी तिकडे वाढली आणि स्टॅमफर्डची जुनी घरे वाचली. १९६७ मध्ये इंग्लंडमधील पहिले संवर्धन क्षेत्र येथेच जाहीर झाले. सहाशेहून अधिक संरक्षित इमारतींच्या या गावात २००५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ चित्रपटाचे चित्रीकरण झाले. शुक्रवारचा बाजार आजही भरतो.

सौदा पक्का कधी होतो?

आपल्याकडे इसार दिला की सौदा ठरला असे मानतात. इंग्लंडमध्ये विक्रेत्याने तुमची किंमत मान्य केली तरी कायद्याने काहीच ठरलेले नसते. वकिलांमार्फत करारांची अदलाबदल, म्हणजे ‘एक्स्चेंज’ होईपर्यंत दोघांपैकी कोणीही माघार घेऊ शकतो. या काळात विक्रेत्याने दुसऱ्याची जास्त किंमत स्वीकारली, तर त्याला ‘गझम्पिंग’ म्हणतात. तोवर वकील आणि पाहणीवर झालेला खर्च तुमचाच. एक्स्चेंजच्या वेळी साधारणपणे किमतीच्या १० टक्के रक्कम भरावी लागते. त्यानंतर तुम्ही माघार घेतली तर ती गमावण्याची वेळ येते.

आधीच्या मालकाची चूक तुमच्या गळ्यात कशी येते?

जुन्या गावातील अनेक घरे ‘लिस्टेड’ म्हणजे संरक्षित असतात. त्यांच्या तीन श्रेणी आहेत आणि सुमारे ९२ टक्के इमारती ‘ग्रेड टू’ या सर्वांत खालच्या श्रेणीत येतात. खालची श्रेणी म्हणजे सैल नियम, हा समज चुकीचा आहे. संरक्षण फक्त दर्शनी भागाला नसते. आतला जिना, फळीची जमीन, शेकोटीची चौकट, इतकेच नव्हे तर आवारातील १ जुलै १९४८ पूर्वीचे बांधकामही त्यात येते.

इमारतीचे स्वरूप बदलणारे काम परवानगीशिवाय करणे हा १९९० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा अमर्याद दंड होऊ शकतो. शिक्षा काम करणाऱ्याला होते, पण ते पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकावर निघते आणि त्याला कालमर्यादा नाही. समजा, वीस वर्षांपूर्वी कोणी लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवल्या असतील, तर त्या बदलण्याचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. म्हणून प्रत्येक बदलाचे परवानगीपत्र मागून घ्यावे.

देखभालही वेगळी असते. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. चुन्याचे काम जाणणारे कारागीर महाग असतात. संरक्षित घरातील मंजूर बदलांवर पूर्वी मिळणारी व्हॅटची सवलत २०१२ मध्ये बंद झाली. आता साधारणपणे २० टक्के व्हॅट भरावा लागतो. घर संरक्षित नसले, पण संवर्धन क्षेत्रात असले, तर अंगणातले झाड तोडण्यापूर्वीही सहसा सहा आठवड्यांची पूर्वसूचना द्यावी लागते.

चर्चच्या दुरुस्तीचा तुमच्याशी काय संबंध?

काही जुन्या जमिनींवर गावच्या चर्चच्या वेदीकडील भागाची दुरुस्ती करण्याची मध्ययुगीन जबाबदारी आजही आहे. वॉरविकशायरमधील ॲस्टन कँटलो येथील एका शेतमालक दाम्पत्याविरुद्ध २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला. दुरुस्तीचा आकडा पुढे १ लाख ८६ हजार पौंडांवर गेला. १३ ऑक्टोबर २०१३ नंतर ही जबाबदारी जमीन नोंदणीत नसेल, तर पैसे देऊन घर घेणारा नवा मालक बहुतेक वेळा त्यातून मुक्त होतो. तरीही वकिलाकडून तपासणी करून घ्यावी. यासाठी विमाही मिळतो.

पुण्यातल्या फ्लॅटमुळे कर कसा वाढतो?

सर्वांत मोठा धक्का येथेच बसतो. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार ४ लाख पौंडांच्या घरावर १० हजार पौंड मुद्रांक कर लागतो. पहिलेच घर घेऊन त्यात राहणाऱ्याला ५ हजार. पण ‘पहिले घर’ म्हणजे जगात कुठेही पहिले. पती किंवा पत्नीच्या नावे पुण्यात वा नाशिकमध्ये ४० हजार पौंड, म्हणजे साधारण ४५ ते ५० लाख रुपये, किंवा त्याहून अधिक मूल्याचा फ्लॅट असेल, तर पूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागू शकतो. म्हणजे एकूण ३० हजार पौंड. वडिलोपार्जित घरातील हिस्साही मोजला जाऊ शकतो. तो निम्म्याहून जास्त नसेल, तर वारशानंतर तीन वर्षांपर्यंतच सूट मिळते.

खरेदीआधीच्या १२ महिन्यांत १८३ दिवस ब्रिटनमध्ये वास्तव्य नसेल, तर आणखी २ टक्के. मग हा आकडा ३८ हजारांवर जातो. हा कर व्यवहार पूर्ण झाल्यापासून १४ दिवसांत भरायचा असतो.

मग घ्यावे की नाही?

जरूर घ्यावे, पण क्रम उलटा ठेवावा. आधी कराचा हिशेब, मग कागद आणि शेवटी घर. कर्ज देणाऱ्या बँकेचे मूल्यांकन बँकेसाठी असते. जुन्या घराचा सविस्तर ‘लेव्हल थ्री’ सर्व्हे स्वतः करून घ्यावा. नदीकाठच्या गावात पुराचे सरकारी नकाशे आणि विम्याचा हप्ता आधीच पाहावा. शक्य असेल, तर एक हिवाळा त्याच गावात भाड्याने राहावे. ओल, वाऱ्याची झोत आणि गॅसचे बिल जूनच्या उन्हात दिसत नाही.

या नियमांवर चिडून उपयोग नाही. ज्या गल्लीला भुलून आपण किंमत मोजतो, ती याच नियमांमुळे उरली आहे. अशा गावात घर घेणारा मालक होतो, तसा राखणदारही होतो. राखणदारी परवडते का, हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा असतो.