अठरा वर्षं झाली, आता पंखा कोण लावणार?

गेल्या महिन्यात नेरूळला धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहून आले. तिची लेक, म्हणजे माझी भाची, व्हीलचेअरवर. हातात बळ कमी, पण डोकं तल्लख. गावच्या कॉलेजात वर्ग दुसऱ्या मजल्यावर, म्हणून ती नवी मुंबईत पदवीला आली. आणि तिच्यामागे गावचं घर, शिवणकाम सोडून तिची आईही. कारण पंखा कमी करायचा, फोन चार्जिंगला लावायचा, बेल वाजली की दार उघडायचं, हे सगळं करणार कोण?

पहिल्या रात्री भाची पडल्या पडल्या म्हणाली, "दिवा बंद," आणि दिवा बंद! मी दचकलेच. उशाशी छोटासा स्पीकर, बल्ब आणि पंख्याचा प्लग वायफायवर. सगळं मिळून सहा-सात हजारांत बसलं. बहीण म्हणाली, "ताई, कित्येक वर्षांनी सलग सहा तास झोपले गं."

मैत्रिणींनो, आपण याला श्रीमंतांचे चोचले म्हणतो. पण ज्याचा हात बटणापर्यंत पोचत नाही, त्याच्यासाठी ती गरज आहे. अलेक्सा 2017 साली भारतात आली, 2019 मध्ये हिंदी बोलू लागली. गूगल असिस्टंटला 2018 पासून मराठी कळू लागलं. अंध विद्यार्थ्याला आवाजाचा उपयोग, तर कर्णबधिर मुलीला बेल वाजली की लुकलुकणाऱ्या दिव्याचा.

अर्थात हे सगळं इतकं सोपंही नाही. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलणं अस्पष्ट असेल तर यंत्राला ते कळतच नाही, तिथे मोबाइलवरचं किंवा हाताशी बसवलेलं बटणच बरं. वायफाय बंद पडलं की सगळाच खेळ खलास, म्हणून एक साधा स्विच खाली, हाताच्या उंचीवर हवाच. अनेक हॉस्टेलांत वायफायला आधी स्क्रीनवर नाव-पासवर्ड भरावा लागतो, आणि स्पीकरला तर स्क्रीनच नसतो! शिवाय खोलीत कान टवकारून बसलेलं यंत्र मुलीच्या जातीला अवघडही वाटतं. माइक बंद करायचं बटण असतं, ते आधी शिकून घ्यावं.

पण खरी मेख पुढेच आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत 5 टक्के जागा राखीव. छान! मात्र 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला सहायक साधनं मोफत द्यायची सरकारची आणि पालिकेची जबाबदारी त्याच कायद्याच्या कलम 17 मध्ये फक्त 18 वर्षांपर्यंत लिहिली आहे. म्हणजे नेमकं कॉलेजात पाऊल टाकताना हात काढून घेतला. वाशीला महापालिकेचं इटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी मोलाचं काम करतं. पण मूल मोठं झालं की पुढे काय? पुढे आई! तिची नोकरी, तिची झोप, तिची कंबर.

कलम 16 मात्र हाताशी आहे. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने इमारत वापरता येईल अशी करायची आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय द्यायची, असं ते सांगतं. राजीव रतुरी खटल्यात नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की सुगम्यतेचे नियम नुसते सल्ल्यासारखे चालणार नाहीत, किमान निकष सक्तीचे करा.

तेव्हा घरात, शेजारी असं लेकरू असेल तर यूडीआयडी कार्ड काढा. कॉलेजकडे कलम 16 चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, ते कुठे गेले हे बचत गटाच्या चार जणींनी जाऊन विचारा. आणि स्पीकरआधी रॅम्प मागा, एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा. उंबरठाच ओलांडता येत नसेल, तर बोलणारा दिवा काय कामाचा?

यंत्र भाचीला आंघोळ घालणार नाही, पलंगावरून उचलणार नाही. ते माणसालाच करावं लागतं, आणि ते माणूस दर वेळी आईच का, हा प्रश्न उरतोच. पण मी होते म्हणून त्या चार दिवसांतले दोन दिवस बहीण गावी जाऊन आली. येताना शिवणयंत्र घेऊन आली.