कोऱ्या फॉर्मवर सही करू नका

दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडा आणि गाझियाबाद इथल्या मराठी रहिवाशांसाठी पत्रक



10 नोव्हेंबर 2025 च्या संध्याकाळी लाल किल्ला मेट्रो स्टेशनजवळ एका मोटारीत स्फोट झाला आणि घरी निघालेली, बाजारात आलेली साधी माणसं मेली. गाडी ह्युंदाई आय-ट्वेंटी होती, पासिंग हरयाणाचं, एचआर 26 म्हणजे गुरुग्राम. नंबरावरून पोलीस आधी पोचले ते गुरुग्रामच्या मूळ मालकाकडे. त्याने ती गाडी केव्हाच विकली होती. पुढे ती जुन्या गाड्यांच्या बाजारातून हातोहात फिरली होती आणि आरसीवरचं नाव मागेच राहिलं होतं. स्फोटाच्या रात्री तपास यंत्रणेचे पहिले काही तास गेले ते ही गाडी नक्की कोणाची, हे शोधण्यात.

त्याच्या 24 वर्षं आधी, 13 डिसेंबर 2001 ला, संसदेच्या आवारात घुसलेली पांढरी अँबॅसेडर दोनच दिवसांपूर्वी करोल बागेतल्या जुन्या गाड्यांच्या एका दुकानातून घेतलेली होती, तीही खोट्या नावाच्या ओळखपत्रावर. मधल्या काळात आरसी बुकाचं कार्ड झालं, नोंदी संगणकावर आल्या, सगळं फोनवर दिसू लागलं. दुकानातल्या टेबलावरचा व्यवहार मात्र बदलला नाही.

तुमची गाडी अशा कामासाठी वापरली जाईल, ही शक्यता फार थोडी आहे. पण ज्या पद्धतीने आय-ट्वेंटी फिरली, त्याच पद्धतीने या शहरात रोज गाड्या विकल्या जातात. त्यात आपली माणसंही आहेत. दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीवर आलेले केंद्र सरकारचे कर्मचारी, लष्करातले, नोएडा-गुरुग्रामच्या कंपन्यांत लागलेली पुण्या-नागपूरची मुलं. येताना जुनी गाडी घेतात, बदली झाली की आठवड्याभरात विकून निघतात. घाई दोन्ही वेळा असते आणि या बाजाराचं पोट त्या घाईवरच भरतं.

पद्धत अशी. विकणाऱ्याकडून मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर सह्या घेतात. खरेदीदाराचं नाव, तारीख, पत्ता, सगळं कोरं. याला इथे ‘ओपन फॉर्म’ म्हणतात. सोबत मूळ आरसी, आधारची आणि पॅनची झेरॉक्स. दुकानदार पैसे देतो, गाडी ठेवून घेतो आणि म्हणतो, ‘नाम तो पार्टी मिलते ही हो जाएगा, साहब.’ पार्टी मिळते. ती पुढे दुसऱ्या पार्टीला गाडी देते. तोच कोरा फॉर्म गाडीबरोबर फिरत राहतो आणि सरकारच्या ‘वाहन’ नोंदणीत मालक म्हणून तुमचंच नाव असतं, तुम्ही कोल्हापूरला जाऊन दोन वर्षं झालेली असली तरी.

दुकानदार असं का करतो? दर खेपेला नाव बदललं तर फी लागते, वेळ जातो, आणि मुख्य म्हणजे आरसीवर मालकांची संख्या वाढते. ‘फर्स्ट ओनर’ गाडीला भाव जास्त. पाच जणांनी वापरलेली गाडी कागदावर पहिल्याच मालकाची राहते ती याच युक्तीने. म्हणून गाडी दाखवताना कोणी ‘फर्स्ट ओनर’ म्हणाला तर त्या पहिल्या मालकाशी फोनवर बोलणं करून द्यायला सांगा. टाळाटाळ झाली, तर तिथून उठा.

कायद्यात यातल्या कशालाही जागा नाही. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 50 स्पष्ट आहे: त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, परराज्यात विकली तर एनओसीसह 45 दिवसांत, आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव लावून घ्यायचं. कायद्याच्या लेखी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. 6 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच ठामपणे सांगितलं. निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. गाडी अशीच एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेलेली होती. मागे घेताना तिच्याखाली एक मुलगा सापडून गेला. गाडीला विमा नव्हता. भरपाई कोणी द्यायची? न्यायालय म्हणालं, आरसीवर नाव असलेल्याने. मेलेल्या मुलाच्या घरच्यांनी एकेका खरेदीदाराचा माग काढत फिरायचं, ही अपेक्षा न्यायालयाने मान्य केली नाही, आणि तेच न्याय्य आहे.

‘गाडी विकली, सुटलो’ असं मानणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा. अनोळखी माणसाच्या बेदरकारपणाचं ओझं आपण एका सहीने आपल्या संसारावर घेतो.

‘इथे सगळे असंच करतात’ हे उत्तर मी इथल्या शिकल्यासवरल्या मराठी माणसांकडून ऐकलं आहे. गावाकडे चार गुंठे घ्यायचे तर हीच माणसं सातबारा काढतात, फेरफार बघतात, तलाठ्याकडे खेपा घालतात. सहा-आठ लाखांची गाडी घेताना मात्र मीटरचा आकडा आणि सीटची कव्हरं बघून बयाणा देतात. दिल्लीत हे जास्त महागात पडतं, कारण इथे तीन राज्यांची हद्द अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. दिल्लीची गाडी फरीदाबादेत विकली जाते, गाझियाबादच्या माणसाकडे जाते, आणि प्रत्येक हद्दीवर एक आरटीओ दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

घेणाऱ्यांनी काय बघायचं, ते सांगतो. ‘परिवहन’च्या सरकारी संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, बीएस मानक, विम्याची आणि पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा हे दिसतं. बोजा दिसला तर ‘लोन केव्हाच फिटलं’ या तोंडी शब्दावर जाऊ नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन हायपोथिकेशन उतरलेलं नोंदीत दिसलं पाहिजे. ई-चलन वेगळं तपासा. हे सगळं घरबसल्या होतं.

पण नोंद स्वच्छ आहे म्हणजे समोर उभी असलेली गाडी तीच, असं होत नाही. मेरठचा सोतीगंज बाजार तुम्हाला माहीत असेल. दिल्ली आणि आसपासच्या चोरीच्या गाड्या तिथे सुटे भाग होऊन विकल्या जात, अशी त्याची वर्षानुवर्षांची ख्याती होती. डिसेंबर 2021 मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी तो बंद केला. बाजार बंद झाला, पण चोरीच्या गाडीला नवं नाव देण्याची विद्या काही तिथेच पुरली गेली नाही. एखादी गाडी अपघातात पार चेपते, विमा कंपनी ती टोटल लॉस ठरवते, सांगाडा भंगारात जातो. सांगाड्याला किंमत फारशी नसते. किंमत असते ती त्याच्या जिवंत आरसीला. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची, तिचा चेसिस नंबर घासून त्यावर सांगाड्याचा नंबर ठोकायचा आणि त्या आरसीवर विकायची. ॲपवर सगळं बरोबर दिसतं. पोलिसांनी पकडलं की गाडी जप्त होते आणि तुमचे पैसे बुडतात.

म्हणून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी, उजेडात, आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. चेसिस नंबर 17 अक्षर-अंकांचा असतो. मारुतीचा साधारण एमए3 ने सुरू होतो, ह्युंदाईचा एमएएल ने, टाटाचा एमएटी ने. अंक वाकडेतिकडे असतील, आजूबाजूला नवा रंग किंवा वेल्डिंग असेल, तर गाडी कितीही आवडली तरी सोडा. काचांवरची बनावटीची वर्षं एकमेकांशी जुळतात का तेही बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर गाडी चोरीची नोंदलेली आहे का हे तपासून तसा दाखला काढता येतो. तो काढा.

चालू विमा पॉलिसी मागा आणि तिच्यावरचा नो क्लेम बोनस वाचा. हा बोनस 20 टक्क्यांपासून सुरू होतो आणि वाढत 50 टक्क्यांपर्यंत जातो. सात वर्षांच्या, ‘एकदाही न ठोकलेल्या’ गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर कधीतरी क्लेम घेतला गेला असण्याची दाट शंका आहे, त्याचा खुलासा मागा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसच्या नोंदी किलोमीटरसह असतात. मीटर मागे फिरवणारे कारागीर शहरात आहेत, पण तीन वर्षांपूर्वीच्या जॉब कार्डावरचा आकडा त्यांना मागे नेता येत नाही.

पुरात बुडालेली गाडीही ओळखता आली पाहिजे. 13 जुलै 2023 ला यमुना जुन्या रेल्वे पुलापाशी 208.66 मीटरपर्यंत चढली होती, आजवरची सर्वांत उंच पातळी. असा पूर पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या मागे ठेवतो आणि त्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाशी गाळाचा डाग आहे का बघा. मॅट उचलून खालचा पत्रा बघा.

आता महाराष्ट्रात गाडी पाठवण्याबद्दल, कारण गावाकडच्या भावाला, मेव्हण्याला इथून स्वस्तात गाडी घेऊन देणारे पुष्कळ आहेत. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या स्वस्त का? राष्ट्रीय हरित लवादाने 7 एप्रिल 2015 ला दिल्ली-एनसीआरमध्ये 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली. पेट्रोलसाठी मर्यादा 15 वर्षांची. 29 ऑक्टोबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानेही हीच मर्यादा कायम ठेवली. जानेवारी 2022 मध्ये दिल्ली सरकारने अशा एक लाखाहून अधिक डिझेल गाड्यांची नोंदणीच रद्द केली. 1 जुलै 2025 पासून त्यांना पंपावर इंधन नाही असा हुकूम आला आणि काही दिवसांतच थांबवला गेला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई नको म्हटलं, डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. या धरसोडीत मालक घाबरून विकतात आणि एजंट कमावतात. अशी गाडी नेणं बेकायदा नाही. पण दिल्ली आरटीओची एनओसी हातात पडल्याशिवाय आणि तिकडचं आरटीओ ती गाडी नोंदवून घेईल याची खात्री केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. रद्द झालेल्या नोंदणीची गाडी साताऱ्याच्या अंगणात उभी करून काय करणार? आणि तिकडचा रोड टॅक्स हिशोबात धरा. इथे वाचलेले पैसे बऱ्याचदा तिथेच जातात.

सगळी जबाबदारी ग्राहकावर टाकून सरकारला मोकळं होता येणार नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने नियम केले, ते 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. जुन्या गाड्यांच्या दुकानदाराने आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात आल्याचं ‘वाहन’वर कळवायचं, आणि त्या क्षणापासून गाडीची जबाबदारी त्याची. हा नियम नीट पाळला गेला तर ओपन फॉर्मचा धंदा एका महिन्यात संपेल, आणि तो आधीच पाळला असता तर लाल किल्ल्याजवळची गाडी कोणाकडे होती हे एका क्लिकवर कळलं असतं. नियम लागू होऊन अडीच वर्षं उलटल्यावर तो स्फोट झाला. दिल्ली, हरयाणा आणि उत्तर प्रदेशच्या परिवहन खात्यांनी याचं उत्तर दिलं पाहिजे. अधिकारपत्र नसलेलं दुकान उघडं राहतंच कसं? आणि टोटल लॉस गाडीची आरसी जिवंत राहते कशी? कलम 55 प्रमाणे गाडी नष्ट झाली की मालकाने 14 दिवसांत कळवायचं आहे. विमा कंपनीने दाव्याचे पैसे देण्यापूर्वीच आरसी रद्द झाल्याचा पुरावा मागावा आणि टोटल लॉसची नोंद ‘वाहन’वर सर्वांना दिसावी, ही आमची मागणी आहे. आपापल्या खासदाराला, परिवहन आयुक्तांना हे लिहून पाठवा.

दुकानात शिराल तेव्हा ते अधिकारपत्र आधी बघायला मागा. नसेल तर बाहेर पडा. विकत असाल तर खरेदीदाराचं पूर्ण नाव-पत्ता भरल्याशिवाय सही करू नका, आधारशी जोडलेल्या मोबाईलवर आलेला ओटीपी कोणाला तोंडी सांगू नका. ताबा देतानाची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या, ओळखपत्राची प्रत ठेवा, खरेदीदाराची थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत अडकवून ठेवण्याची अट घाला. घेत असाल तर विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करा. नाही केला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

ज्यांनी आधीच ओपन फॉर्मवर गाडी दिली आहे, त्यांनी आज रात्री ॲपवर आपला जुना नंबर टाकून बघावा. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण आपलं नाव आपल्याला ओळखता येतं. ते अजून तिथे असेल तर दुकानदाराला लेखी नोटीस द्या, विक्रीच्या पुराव्यासह नोंदणी असलेल्या आरटीओला फॉर्म 29 ने कळवा, पोच घ्या. दुकान उठून गेलं असेल किंवा गाडी कुठे आहे हे कोणीच सांगत नसेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि शिक्क्याची प्रत जपून ठेवा. गाव बदललं, राज्य बदललं तरी हे करता येतं. नोंदणीत दिलेला मोबाईल नंबर बंद झाला असेल तर तो आधी बदलून घ्या. पुढची सगळी चलनं आणि नोटिसा त्याच नंबरावर येणार आहेत.